दोरी, सुकाणू आणि पदर

जन्मभर गोदावरीवर शिडाची होडी हौसेपोटी हाकली. गुडघे गेले, होडी सुटली. मामंजींवरचा राग काही सुटला नाही.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. अंबड तालुक्यात गंगेकाठी मला दिलेलं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. सासरची वावरं दोन्ही काठांना, म्हणून घरची होडी होती, पण ती वल्ह्यानं चालायची. शीड धरायला मला माहेरी वडलांनी शिकवलेलं. जुन्या धोतराचं शीड शिवलं आणि दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी पाण्यात. काम काही नाही, नुसती मजा.

अडचण एकच. एका हातात शिडाची दोरी, दुसऱ्यात सुकाणू, आणि सासरे दिसले की डोक्यावर पदर हवाच. तिसरा हात देवानं दिला नव्हता, अक्कल तर त्याहून नाही. एकदा मामंजी अचानक घाटावर दिसले. या शहाण्या सुनेनं दोरी सोडली, सुकाणू सोडलं, दोन्ही हातांनी पदर नाकापर्यंत ओढला आणि बोहल्यावर बसावं तशी बसून राहिली. होडी खडकावर गेली, फळी फुटली. पदर बराबर जागेवर.

"बाईचा हात लागला की नाव बुडती," मामंजी म्हणाले. "आजपासून बिलकुल न्हाई."

नाव पदरानं घालवली होती, हातानं नाही. पण त्या बावळटीनं मुकाट मान हलवली. आज भेटली तर कान उपटीन तिचा.

होडी दुरुस्त झाली. मी मात्र काठावर धुणं बडवत राहिले, आणि धुण्यात कुणाला बडवत होते ते मलाच ठाऊक.

मग एका संध्याकाळी मामंजी पलीकडच्या वावरात अडकले. वारा सुटलेला. आमचे हे वल्हं मारत त्यांना आणायला निघाले, तर वाऱ्यानं त्यांना थेट खाली मसणवट्याला नेऊन लावलं. काठाकाठानं होडी ओढत, निथळत परत आले.

"मी जाते," मी म्हणाले.

"आबा चिडतील."

"तिकडं थंडीत चिडण्यापरीस घरी येऊन चिडू द्या."

शीड बांधलं आणि गेले. मामंजी घोंगडी पांघरून उभे होते.

"मामंजी, मला दोन्ही हात लागत्यात. पदर पडणार."

त्यांनी घोंगडी आवळली. मग होडीत चढले आणि माझ्याकडं पाठ करून बसले. "चल जल्दी."

आडव्या वाऱ्यात होडी सरळ घाटाला लावली. घाटावर निम्मं गाव जमलेलं. कुणीतरी विचारलं, "कसं काय आलात, पाटील?"

"वारा चांगला होता," म्हणाले आणि घराकडं चालू लागले.

त्यानंतर मला कुणी अडवलं नाही. मामंजी मरेपर्यंत माझ्या होडीत पाठ करून बसले, आणि उतरले की वाऱ्याचं कौतुक. त्याच वाऱ्यानं त्यांच्या लेकाला मसणवटा दाखवला होता. हे त्यांच्या तोंडावर सांगायचं राहिलं, म्हणून आता येईल त्याला सांगते.