सतरा नंबरचा कागद

आल्याचा तुकडा निम्मा चिरून झाला होता, तेवढ्यात लियाओ सूझनचा फोन वाजला. पलीकडून रुआन बाई बोलत होत्या. चार दिवसांपूर्वी कारखान्याच्या वसाहतीत येऊन प्रश्नावली भरून घेऊन गेलेल्या, विद्यापीठातल्या. आवाज इतका दबका, की सूझनला आधी वाटलं, कुणीतरी गेलं.

"लियाओ मावशी, एकट्याच आहात ना? तुमच्या कागदाची बेरीज जरा जास्त आली आहे. नैराश्य असू शकतं. म्हणजे असेलच असं नाही. पण एकदा डॉक्टरांना दाखवा."

"मला काय झालंय? मी तर स्वयंपाक करतेय."

"हो, पण तुम्हाला सांगणं माझं काम आहे. कुणाला कळणार नाही. कागदावर नाव नाही, नुसता नंबर आहे. नावांची यादी फक्त माझ्याकडे. तुमचा सतरा."

फोन ठेवून सूझनने उरलेलं आलं चिरलं. चिरून झाल्यावर पाहिलं, तर ढीग झाला होता. एवढं आलं आता कोण खाणार? सशाच्या मटणात मूठभर आलं लागायचं ते नवऱ्याला, गू चांगमिंगला, आणि तो जाऊन आठ महिने झाले होते.

सूझन एकसष्ट वर्षांची. झिगोंगच्या मीठ कारखान्यात, पॅकिंग खात्यात तिने बावीस वर्षं काढली. पुडी नुसती हातात घेतली की तिला वजन कळायचं. काटा तिच्यामागून बोलायचा. पण तू कशी आहेस, हे तिला कारखान्यात कुणी विचारलं नव्हतं आणि घरी विचारायची पद्धत नव्हती. त्यामुळे ते कशावर तोलायचं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

फोननंतर तिच्या डोळ्यांपुढे आधी आलं ते लेकीचं शहर, चेंगदू. लेक हायथांग पाच आठवड्यांत बाळंत व्हायची होती. बाळंतपणाचा तो एक महिना लेकीजवळ कोण राहणार, यावरून नवीन वर्षाच्या जेवणातच ठिणगी पडली होती. जावयाची आई गोड बोलली होती, "विहीणबाई, तुमचं दुःख अजून ओलं आहे. बाळंतिणीच्या खोलीत हसतं माणूस हवं. मी आहे ना!" हायथांगने वाटी खाली ठेवून सांगितलं होतं, "आईच येईल." आता हे नैराश्य तिथवर पोचलं, की आईचं येणं संपलंच.

पण मुळात ते आहे का नाही?

तिने तो दिवस आठवून पाहिला. वसाहतीच्या खोलीत माजाँग खेळायची टेबलं जोडून एकतीस जण बसले होते. ही प्रश्नावली परदेशात तयार झालेली. चिनी भाषेत आणल्यावर ती आपल्या माणसांना नीट लागू पडते का, ते बघायचं होतं. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा भरायची. "बोलू नका, ज्याने त्याने आपापलं लिहा," असं रुआन बाई म्हणाल्या खऱ्या. पण त्या खोलीत आजवर कुणी काही मुकाट्याने केलं नव्हतं.

आठवा प्रश्न होता : मी इतरांइतकीच चांगली आहे, असं मला वाटलं.

"अगं बाई, असं कोण लिहील?" शेजारची च्यु वहिनी म्हणाली. "आपणच आपली आरती!"

"फंग मिस्त्री लिहितील."

"मी? या वसाहतीत माझ्याइतका नालायक माणूस नाही," फंग मिस्त्री म्हणाले आणि खोली हसली. सगळ्यांनी खूण केली : कधीच नाही.

पुढचा प्रश्न : मी आनंदात होते. च्यु वहिनीचं कोपर सूझनच्या कोपराला लागत होतं. नवऱ्याला जाऊन आठ महिने झालेली बाई काय लिहिणार? कधीच नाही. त्याच्या पुढचा : मला उद्याबद्दल आशा वाटली. पोटातल्या बाळाबद्दल आधी बोलून नजर कशाला लावायची? कधीच नाही. मग झोपेचा प्रश्न आला, जेवणाला चव नसण्याचा आला. तिथे मात्र तिने कुणाकडे न बघता लिहिलं : रोज.

दुसऱ्या फेरीच्या पाच दिवस आधी फंग मिस्त्री दारात उभे राहिले. कारखान्यात ते मुकादम होते. आता इमारतीची व्यवस्था बघायचे. हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

"सतरा नंबर तुमचा ना? घ्या. तुमची मागची उत्तरं. पाठ करा."

"ही कुठून आणलीत?"

"कागद गोळा करताना फोटो काढून ठेवले. बाई दोन्ही कागद ताडून बघणार आहेत. जुळले नाहीत, तर अख्खी वसाहत खोटारडी ठरेल. तपासणीच्या आधी आपण तालीम करत नव्हतो का?"

"मिस्त्री, तुम्ही माझी उत्तरं वाचलीत?"

"छे! चष्मा कुठे होता?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या बायकोने वाफवलेल्या मटणाची वाटी आणून दिली. त्याच संध्याकाळी च्यु वहिनी फिरायला बोलवायला आली. ही माया होती, की सतरा नंबरची खबर? सूझनला उलगडेना. मटण तिने खाल्लं. चव आली नाही, पण हे आता कुणाला सांगायचं, तेही कळेना.

ती चिठ्ठी घेऊन खिडकीशी बसली. हेच पुन्हा लिहिलं, तर पुन्हा बेरीज जास्त. बदलून लिहिलं, तर खोटारडी. आणि बदलायचं म्हणजे कुठलं? आनंदात नव्हते, हे लोकांच्या धाकाने लिहिलं. पण लोक नसते तर काय लिहिलं असतं? पाच दिवसांत तिला चिठ्ठी पाठ झाली. उत्तर मिळालं नाही.

मंगळवारी, दुसऱ्या फेरीला, सगळ्यांचं सात मिनिटांत आटोपलं. रुआन बाई उभ्या उभ्याच कागद जुळवू लागल्या. एक, दोन, पाच, दहा. मग खुर्ची ओढून बसल्या.

"सगळ्यांचं तंतोतंत तेच?"

"एक चूक सापडायची नाही, बाई," फंग मिस्त्री ताठ होत म्हणाले.

"अहो, पण माणसाचं दोन आठवड्यांत थोडं तरी इकडंतिकडं होतं ना?"

"आमचं नाही होत."

रुआन बाई जेमतेम पंचविशीच्या. रडावं की हसावं, असा त्यांचा चेहरा झाला. गठ्ठ्यात तीसच कागद होते. एकतिसावा सूझनच्या पुढ्यात होता, कोरा.

खोली रिकामी झाल्यावर सूझन म्हणाली, "मला भरता येईना. मागच्या कागदातली काही उत्तरं लोकांसाठी आहेत, काही माझी. तुम्ही सगळ्यांची मिळून एकच बेरीज कशी करता?"

"लोकांसाठी कुठली?"

सूझनने आठव्या प्रश्नावर बोट ठेवलं. "हे. याला 'कधीच नाही' लिहिलं, की बेरीज वाढते ना? पण चांगल्या घरची बाई 'हो' म्हणते का याला? तुम्ही कुठल्या?"

"नानचोंगची."

"मग तुम्ही काय लिहाल?"

रुआन बाईंनी प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. "कधीच नाही," त्या ओशाळून म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हीपण आजारी."

दोघी हसल्या. हसताना खोलीत आणखी कुणी नाही ना, हे सूझनने सवयीने पाहून घेतलं.

"मग अशी उत्तरं सोडून बाकीची मोजा," ती म्हणाली.

रुआन बाईंनी तिच्या मागच्या कागदावरचे तीन-चार प्रश्न पेन्सिलीने खोडले आणि बोटांवर बेरीज केली. "कमी येते. बरीच कमी. पण मावशी, झोपेचं, जेवणाचं, ते कुणासाठी लिहिलं होतं?"

सूझनने कोऱ्या कागदाची घडी घातली.

"मला खरंच कळत नाही," रुआन बाई म्हणाल्या. "कागद चुकतोय की तुम्ही दुःख झाकताय, हे मला यातून काढता येत नाही. त्यासाठीच आले होते, आणि हे असं झालं."

"मी लेकीकडे बाळंतपणाला जाऊ की नको, एवढं सांगा."

"ते लेकीलाच विचारा ना."

घरी आल्यावर चप्पल न काढताच तिने फोन लावला.

"हायथांग, मला झोप येत नाही."

"उकडतंय का?"

"नाही. बाबा गेल्यापासून. जेवणालाही चव नाही. बाई म्हणतात डॉक्टरांना दाखवा. तुझ्या सासूबाई म्हणत होत्या, ते बरोबर असेल कदाचित. मी यावं का, ते तू ठरव."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मलाही येत नाही झोप, आई. तू इतकी बरी दिसायचीस, म्हणून बोलले नाही." आणि मग, "तू या रविवारीच ये. डॉक्टरकडे दोघी जाऊ."

"आणि सासूबाईंना काय सांगशील?"

"माहीत नाही गं. तू ये तर आधी."

सूझनने कपाटावरची पिशवी खाली काढली. बाळंतिणीसाठी लाल साखर भरली, सुकवलेले लाल खजूर भरले. मग आपलं दवाखान्याचं कार्ड हातात घेतलं. आपण तिकडे लेकीचं करायला निघालोय की आपलं करून घ्यायला, हे तिला ठरवता येईना. कार्ड आधी तळाशी घातलं. मग काढून वर ठेवलं, आणि पिशवी उघडीच ठेवून शेजारी बसून राहिली.