सात घरांचे एकच आजोबा

मागच्या महिन्यात दोन मुली आणि एक मुलगा माझ्याकडे आले. जिल्ह्यातले जुने फोटो घरोघर फिरून जमवायचे, त्यांच्या नकला करून पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवायच्या, असं काम त्यांनी अंगावर घेतलं आहे. निजामाच्या काळात हिंगोलीत फोटोचं दुकान चालवलेला आणि अजून बोलता येणारा म्हातारा मीच उरलो आहे, म्हणून ते फोटो दाखवायला आले होते. त्यात सात निरनिराळ्या घरांतून आणलेले सात आजोबा होते. एकाला गंध, एकाच्या मिशा पांढऱ्या, एकाच्या गळ्यात तुळशीची माळ. त्या पिढीच्या माणसांची चेहरेपट्टी आपल्या भागात किती सारखी होती, यावर आपण एक टिपण लिहीत आहोत, असं थोरल्या मुलीनं मला कौतुकानं सांगितलं.

ते सातही एकच माणूस आहेत, हे मला त्या दिवशी तिला सांगता आलं नाही. त्यांच्या पिशवीत आणखी दोन फोटो होते. ते पाहिल्यावर मी चहासुद्धा विचारायचा विसरलो. म्हणून हे लिहून देतो आहे. ते टिपण छापू नये.

मी दुकान टाकलं तेव्हा विशीत होतो. कॅमेरा लाकडी होता आणि फोटो काचेवर निघत असे. काचेवर माणूस काळ्याचा पांढरा उमटे, आणि त्या काचेवरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढता येत. गिऱ्हाईक निघालं की मी प्रत्येकाला सांगायचो, "कागद हरवला तरी भिऊ नका. काच माझ्यापाशी आहे, कधीही या." हे म्हणताना मला आपण मोठे माणूस झाल्यासारखं वाटे.

गिऱ्हाइकं मात्र कमी. जिवंतपणी फोटो काढला की आयुष्य घटतं, असा खेड्यापाड्यांत पक्का समज होता. त्यामुळे फोटोची मागणी माणूस गेल्यावर यायची. तेरावा आटोपला की मुलं गाडी जुंपून हिंगोलीला येत आणि वडिलांचा फोटो मागत.

पहिल्यांदा असे आले ते शिरड शहापूरचे तीन भाऊ आणि त्यांची बहीण. फोटो कधी काढला होता, असं मी विचारलं. थोरल्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या बापाच्या जिवावर उठलो होतो.

"चांगले धडधाकट व्हते," तो म्हणाला. "धडधाकट माणसाचा फोटू काहून काढावा?"

मग आता मी तो आणू कुठून, असं मी म्हणालो. बहिणीनं भिंतीकडे हात केला. तिथं मी नमुन्याचे फोटो लावले होते. "इतके हायेत की," ती म्हणाली. "त्यातलाच बघा ना आमच्या बाबावानी."

चौघांनी भिंत रिकामी केली. एकाला नाक पटलं तर कान पटत नव्हते. मधला भाऊ एका फौजदारावर अडून बसला होता, कारण वडिलांना जरब होती. बहिणीला तो चालेना. शेवटी सगळ्यांचं एकमत कळमनुरीच्या मापाऱ्यावर झालं.

हा मापारी आठवडी बाजारात ज्वारी मोजून द्यायचा. रुंद कपाळ, भरघोस मिशा, फेटा नीट बांधलेला. कुणाचाही बाप म्हणून शोभेल असा चेहरा. हौसेनं त्यानं फोटो काढला, आणि बायकोनं घरी आकांत केल्यामुळे तो न्यायला आलाच नाही. मी काचेवर पेन्सिलीनं कपाळाला गंध लावलं, मिशा पांढऱ्या केल्या आणि प्रत काढून दिली. बहीण ती हातात घेऊन दुकानाच्या पायरीवरच रडू लागली. तिचं रडणं खरं होतं. ते पाहून मला वाटलं, आपण काही वाईट केलेलं नाही.

मग एकाच्या घरी पाहून दुसरा येऊ लागला. "शिरडच्यांना दिला तसाच द्या," असंच मागत. मी माळ घालून देत असे, गंध बदलत असे. त्या मापाऱ्याची काच मी मलमलीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. दुकानातली दुसरी कुठलीही काच मी इतकी जपली नाही.

दोन-तीन वर्षांनी मापारी मुलीचं स्थळ पाहायला पुसेगावला गेला. ओसरीवर बसला, आणि समोरच्या भिंतीवर स्वतःला पाहिलं. गळ्यात झेंडूचा हार, खाली निरांजन. तो म्हणाला, हा मी आहे. घरचा कर्ता हसला आणि म्हणाला, तोंडवळा मिळतो खरा, पण वडील जरा उजळ होते. मापाऱ्यानं पुन्हा सांगितलं तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या विधवेनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि आत निघून गेली. ती पुन्हा बाहेर आलीच नाही. सोयरीक मात्र जमली. बापासारखा व्याही मिळतो आहे, याहून चांगला शकुन कोणता, असं सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात उभा होता.

"फोटूवाले," त्यानं शांतपणे विचारलं, "मला किती गावात मारलं तुमी?"

मी आठवून सांगितलं. सात. तो खाली बसला. त्याला रागापेक्षा भीती वाटत होती, कारण जिवंत माणसाच्या फोटोला सात घरांत रोज हार पडत होता. त्यानं माझ्याकडून शपथ घेतली, की आठव्या घरात आपल्याला पाठवायचं नाही. मी शपथ घेतली. काच मात्र पेटीतच ठेवली.

हे सात फोटो गेले ते दिवस दुसऱ्या महायुद्धाचे, आणि हैदराबादहून येणारा माल तेव्हा आटला होता. फ्रेमला लावायला काच मिळेना. तेव्हा मी जे केलं ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. दुकानाच्या फळ्यांवर जुन्या काचा उभ्या रचलेल्या होत्या. धुण्याचा सोडा टाकून पाणी गरम करायचं आणि त्यात काच बुडवायची. ज्यात चित्र उमटतं तो वरचा मसाला फुगतो, मग दुधावरच्या सायीसारखा अख्खाच्या अख्खा निसटतो. सायीवर माणूस असतो. तो पाण्यात क्षणभर तरंगतो, मग चुरगळतो, आणि मोरीतून जातो. खाली स्वच्छ काच राहते. ती मी फ्रेमला लावायचो. ज्यांचा फोटो खरोखर काढला होता अशा माणसांच्या काचा मी धुतल्या, आणि त्या मापाऱ्यावर बसवल्या. हे लोक परत येणार नाहीत, असा माझा अंदाज होता. बहुतेक आलेही नाहीत.

अठ्ठेचाळीस साली दिवाळी होऊन गेल्यावर एक म्हातारी आली. निजामी संपून दोन महिने झाले होते. रझाकारांच्या धास्तीनं वऱ्हाडात गेलेली माणसं गावोगाव परतत होती. तिचा मुलगा परतला नव्हता. सेनगावकडच्या एका खेड्यातली ती बाई. घर लुटलं गेलं होतं, त्यात मुलाचा फोटोही गेला होता. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. वस्तू अगदी नाकाशी धरली तरच तिला दिसायची.

"पोरगं सांगत व्हतं," ती म्हणाली, "काच तुमच्यापाशी ऱ्हाते. कवाबी जावं, दुसरा निघतो."

मला तो मुलगा आठवला. युद्ध चालू असताना एका दसऱ्याला आला होता, मित्राचा कोट घालून. त्याची काच मी धुतली होती, हेही आठवलं. तरी मी उठलो, फळ्यांवर शोधल्यासारखं केलं, आणि उद्या या म्हणालो.

रात्रभर विचार करूनही तिला खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. सकाळी मी मापाऱ्याची काच काढली. सुरकुत्या बुजवल्या, मिशा काळ्या केल्या, फेटा तसाच ठेवला आणि प्रत काढली. मी धरून चाललो होतो की मुलगा गेलाच असेल, आणि आईला पुजायला एक चेहरा हवा आहे. पहिल्या सात घरांसारखंच.

तिनं फोटो डोळ्याला चिकटवला. वरून खाली, खालून वर असा कितीतरी वेळ फिरवला. "व्हय," ती म्हणाली. "मिशा राखल्यात लेकरानं, मला सांगितलं न्हाई." मग पदरात गुंडाळताना सहज बोलली, "आता हे दाखवून विचारत जाते गावोगाव. कुणी ना कुणी वळखंल."

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. ती पायरी उतरेपर्यंत मी हात पुसत उभा राहिलो.

कुणी ना कुणी नव्हे, सगळ्यांनी ओळखलं. शिरड शहापूरला लोक म्हणाले, हा तर कधीच वारला, आमच्या भिंतीवर आहे. पुसेगावच्यांनी तिला घरात नेऊन हार घातलेला फोटो दाखवला आणि विचारलं, आमच्या बाबांचा तुझ्याशी काय संबंध? तिथं भांडण झालं. ती भाच्याला घेऊन वाशीमच्या बाजूला वऱ्हाडातल्या निर्वासितांच्या छावणीपर्यंत गेली. तिथल्या माणसांनी फोटो नीट पाहिला आणि असा कुणी इथं नाही, असं तिला खरं तेच सांगितलं. तिचा मुलगा त्या वेळी छावणीच्या मागच्या अंगाला लाकडं फोडत होता. हे मला पुढे त्याच्याच तोंडून कळलं.

परतताना कुणीतरी म्हणालं, हा माणूस कळमनुरीच्या बाजारात असतो. बाजाराच्या दिवशी भाच्यानं तिला बरोबर मापाऱ्यासमोर उभं केलं. मापारी एकच्या जागी "लाभ" म्हणून पहिलं माप टाकून मोजत होता. फोटो पाहिला आणि त्याची मोजणी चुकली. जन्मात पहिल्यांदा, असं तो मला नंतर म्हणाला. शपथ मोडलेली त्याला कळलीच. त्यानं तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं, "माय, हा फोटू माझा हाय. फोटूवाल्यानं घोळ केला."

आवाजावरून तिला कळलं की हा आपला मुलगा नाही. तिनं त्याच्या तोंडावरून हातही फिरवला.

"तुमचं तोंड तसं आसंल, मी न्हाई कुठं म्हन्ते," ती म्हणाली. "पर फोटू माझ्या पोराचाच हाय. काचंवरून काढला हाय तो."

तिला माझ्या काचेवर एवढा भरवसा होता. ती उठली आणि पुढच्या गावाला गेली.

मुलगा पौषात आपणहून परत आला. तोवर आईची उरलीसुरली नजर गेली होती. त्या महिन्यांत तिनं शेवटचा चेहरा पाहिला तो मापाऱ्याचा, रोज, नाकाशी धरून. मुलाला तिनं आवाजावरून ओळखलं, छातीशी धरलं, मग ओठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, मिशा काहून काढल्या रे?

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या मिशा महिनाभराच्या होत्या, अजून विरळ. त्यानं आईपाशी असलेला तो फोटो माझ्यापुढे ठेवला.

"आईनं ह्याला हुडकलं व्हय, दादा?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, तुझी काच फुटली. गडबडीत फोटो बदलला.

तो म्हणाला, "आता आईच्या मनात हाच बसला हाय. न्हाई म्हटलं तर तिला वाटंल आपन दुसऱ्याच्याच मागं हिंडलो." तो तसाच फेटा बांधून आला होता. मिशा पुऱ्या आल्या की आपला फोटो काढा, एवढं सांगून तो गेला, आणि चैत्रात येऊन त्यानं तो काढला. आई असेपर्यंत त्यानं मिशा ठेवल्या, असं ऐकलं.

त्या मुलांच्या पिशवीतले दोन फोटो हेच. त्या मुलाच्या नातवानं दिले आहेत, आणि दोन्हींखाली एकच नाव लिहिलं आहे. पहिला मापाऱ्याचा आहे. दुसरा त्याचा असला, तरी दुसऱ्याच्या मिशा लावलेला आहे. त्याची काच फुटली नव्हती. ती मी सोड्याच्या पाण्यात धुतली. आता ती आणता येत नाही. जे होतं ते सांगतो, ते पहिल्या फोटोच्या जागी ठेवावं.

वय असेल वीस-एकवीस. डोकं उघडं, केस तेल लावून मागे बसवलेले. मिशा नव्हत्या, वरच्या ओठावर डाव्या बाजूला एक बारीक व्रण होता. कोट मित्राचा, बाह्या लांब, त्यामुळे हातांची फक्त बोटं दिसत होती. कान थोडे पुढे आलेले. मी हलू नको म्हटल्यावर त्यानं श्वास रोखून धरला होता आणि त्याला हसू येत होतं. म्हणून तोंड मिटलेलं असलं तरी गाल वर चढलेले होते. नजर कॅमेऱ्याकडे नव्हती, माझ्याकडे होती.