रुखसारला आउट करा

रुखसार लगोरीवर बसली होती. लगोरीजवळ नाही, लगोरीवर. प्लायवूडच्या सात मोठ्या चकत्यांच्या उतरंडीवर ही सोळा वर्षांची मुलगी फतकल मारून बसलेली. भोवती शेजारच्या कोचिंग क्लासची आठ पोरं बॉल घेऊन उभी. पाच मिनिटांत त्यांची फिजिक्सची बॅच होती.

“मॅडम, ह्या उठून नाही राहिल्या,” ओमकार म्हणाला. हा मुदखेडहून लातूरला अकरावी करायला आलेला मुलगा. रुखसारला तो अहो-जाहो करायचा.

“काय झालं गं?” मी विचारलं.

“खेळायचं न्हाई.”

मी स्पेशल एज्युकेटर आहे. ज्या मुलांची वाढ वेगळ्या गतीने होते, त्यांना शिकवायचं हे माझं काम. रुखसारला डाउन सिंड्रोम आहे. ती सावकाश बोलते, सावकाश पळते, पण ठाम बोलते. आमची शाळा आणि तो कोचिंग क्लास यांच्यामध्ये एकच मैदान. त्यावर त्यांच्या सायकली उभ्या असायच्या. शनिवारी अर्धा तास दोन्हीकडच्या मुलांनी एकत्र खेळावं, म्हणून मी त्यांच्या सरांकडे गेले होते.

“मॅडम, खेळून मेडिकलला नंबर लागतो का?”

“सर, न खेळताही सगळ्यांचा लागत नाही.”

ते हसले आणि सायकली हलवल्या.

खेळाचं महत्त्व मला कोर्समध्ये नंतर शिकवलं, कळलं होतं आधीच. भूकंपानंतर आमचं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं. तिथे एक ताई चेंडू घेऊन यायच्या. आम्ही मुलं महिनाभर नीट बोलत नव्हतो. त्यांनी बोला म्हटलं नाही, पळा म्हटलं. पुढे घरातली पहिली पदवीधर झाले आणि हे क्षेत्र निवडलं, ते त्या ताईंमुळे.

तर रुखसार. मला वाटलं, गोंगाटाने दमली असेल. पुढच्या शनिवारी बॉल आणखी मऊ आणला. तिच्यासाठी नेम मारायची रेघ जवळ ओढली. आमच्या भाषेत याला अ‍ॅडाप्टेशन म्हणतात. खेळ तोच, नियमात थोडी सवलत. रुखसार पुन्हा लगोरीवर बसली. त्याच्या पुढच्या शनिवारी रेघ इतकी जवळ आणली की बॉल नुसता हातातून सोडला तरी लगोरी पडावी. त्या दिवशी ती उठून घरी गेली. सोमवारी शाळेत आलीच नाही.

बुधवारी तिचे वडील आले. त्यांचं गाद्या भरायचं दुकान आहे.

“मॅडम, पोरगी नको म्हणून राहिली. कशाला जबरदस्ती? पुढच्या महिन्यापासून नाव काढून टाका. घरी बसून टाके घालील.”

“चाचा, दोन दिवस द्या.”

“दोन काय, चार घ्या. ऐकणारी न्हाई ती. आईवर गेली.”

आमच्या सचिवसाहेबांना वेगळीच काळजी. येत्या शनिवारी देणगीदार पाहुणे खेळ बघायला येणार होते. “तिला खुर्चीवर बसवा, टाळ्या वाजवायला. कुणी रडायला नको,” ते म्हणाले.

संध्याकाळी मी तिच्या गल्लीत गेले. तिथे लगोरीच चालली होती. लगोरी म्हणजे फुटक्या फरशीचे तुकडे, बॉल चिंध्यांचा. रुखसार तुकडे रचत होती. एका पोराने नेम धरून तिच्या पाठीत बॉल हाणला.

“आउट. हो बाजूला.”

“न्हाई लागला.”

“आवाज आला की.”

“तुझ्या डोक्यातून आला.”

बरीच हुज्जत झाली. शेवटी ती ओट्यावर जाऊन बसली आणि तिथून दुसऱ्यांना आउट ठरवू लागली. मी शेजारी टेकले.

“शाळेत का येत नाहीस?”

“तिकडं मला कोण मारत न्हाई,” ती म्हणाली. “तिकडं मी दूधभात.”

लहानपणी आपण सगळ्यांनीच कुणाला तरी दूधभात ठेवलेलं असतं. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य नाही, तो आउट नाही. तो पळाला काय, न पळाला काय. कोचिंगच्या गुणी पोरांनी रुखसारला तीन शनिवार एकदाही बॉल मारला नव्हता. आणि दर आठवड्याला सवलत वाढवून त्या दूधभातात साखर घालणारी मी.

शुक्रवारी मी ओमकारला गाठलं. “उद्या रुखसारला आउट करायचं.”

“मॅडम, लागलं तर?”

“बॉल मऊ आहे. तुला मारल्यावर तू रडतोस का?”

“पाहुण्यांसमोर?”

“पाहुण्यांसमोरच.”

चाचांना निरोप धाडला, रुखसारला सांगा, उद्या मारणार आहेत. ती वेळेच्या आधी आली.

रेघ सगळ्यांना एकच आखली. रुखसारच्या गड्याने लगोरी फोडली, ती रचायला धावली. ओमकारने बॉल उचलला, माझ्याकडे बघितलं आणि मारला. पाठीत बसला. सचिवसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. चाचा कुंपणाजवळ उभे होते, ते जागचे हलले नाहीत.

रुखसार वळली.

“न्हाई लागला.”

“लागला हो,” ओमकार म्हणाला.

“हो काय म्हणतो? लागला तर आउट म्हण.”

“आउट. निघ बाहेर.”

चार शनिवारांत प्रथमच त्याने तिला अगं-तुगं केलं. ती भांडत भांडत बाहेर गेली, आणि मला पाठीवरचा मातीचा ठसा दाखवून पुन्हा म्हणाली, लागलाच नाही. पुढच्या डावात तिने ओमकारच्या कानावर नेम धरला. तो बरोबर बसला.

सोमवारी चाचा तिला सोडायला आले. नाव काढायचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. सचिवसाहेबांनी फक्त एवढंच विचारलं, “मॅडम, याला अ‍ॅडाप्टेशनच म्हणायचं का?”

सवलत देण्याआधी ती हवी आहे का, हे विचारावं. एवढी साधी गोष्ट मला कोर्सनंतर गल्लीत शिकावी लागली. तेव्हापासून मुलांच्या प्रगतीपत्रकात मी एक रकाना वाढवला आहे. आउट किती वेळा. त्यात रुखसारचा आकडा शाळेत सगळ्यांत मोठा आहे, आणि त्यातला एकही तिला मान्य नाही.