ओट्याखालचं दार

माझ्या घरात ओट्याखाली दार नव्हतं, पडदा होता. घर अकोल्याचं. मी कापसाच्या जिनिंगात कामाला होतो तेव्हा बांधलं. ओटा झाला, दारं लावायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. बायकोनं स्प्रिंगची तार ताणली, जुनी साडी कापून तिचा पडदा शिवला अन् लटकवला. तो विरला की दुसऱ्या साडीचा. गॅसची टाकी, तेलाचा डबा, कांदे, सगळं त्याच्यामागं.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं.

तेरवी झाल्यावर बायांनी तिची पेटी उघडली. रीत आहे आमच्यात. चांगल्या साड्या तिच्या बहिणींनी आठवण म्हणून नेल्या. त्या तिनं लग्नाकार्यातच नेसलेल्या. रोजच्या नेसायच्या होत्या त्या भांडेवालीला दिल्या, त्यांच्यावर एक पातेलं आलं. मी बाहेर माणसांत बसलो होतो. आत काय चाललं ते मला माहीत होतं, पण तेव्हा साडी म्हणजे कापड, एवढंच वाटलं. पातेलं चांगलं जाड आहे. मी त्यात अजून दूध तापवलं नाही.

पुढं एका सकाळी चहा करायला साखरेचा डबा काढायला वाकलो अन् हात पडद्यावर तसाच राहिला. फिकट आकाशी रंग, बारीक पांढरी फुलं. ही तर तिची साडी! पडदा व्हायच्या आधी रोज अंगावर असायची. उजवी कड पिवळी झालेली. फोडणी टाकता टाकता ती हळदीच्या हातानं पडदा सारायची. मी ओरडायचो, "अवो, हात पुसत जाय ना!"

"पुसूनच तर राहिली," म्हणायची, अन् पडद्यालाच पुसायची.

पेटीतलं सगळं गेलं होतं. हा पडदा सगळ्यांना पडदाच वाटला म्हणून वाचला.

या उन्हाळ्यात पोरगा अन् सून अमरावतीहून आले. सुनेनं कांद्यासाठी पडदा सारला अन् किंचाळली. उंदरानं शेंगदाण्याची पिशवी अर्धी केली होती.

"बाबा, हे पडद्याचं आता बंद. दारं लावून टाकू."

पोरगा म्हणाला, "पसंत मात्र तुमी करा. राहता तुमी, उघडता तुमी."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. मुसलमान माणूस, आमच्याच भागातला, बोलणं अर्धं हिंदी अर्धं वऱ्हाडी. त्यानं दारांचे नमुने ओट्यावर मांडले. चकचकीत पांढरा पहिले दाखवला.

"दवाखान्यासारखं दिसते," मी म्हणालो.

मग लाकडासारखा. "हे सागवान हाय का?"

"सागवान नाई काका, उपर से डिझाईन हाय."

"मंग खोटं कायले लावू?"

मग हिरवा. "एसटी स्टँडवरच्या संडासाचं दार असंच हाय."

मिस्त्री हसला. पोरगा हसला नाही. "बाबा, तुमाले दार पसंत करायचं हाय का उंदरं पाळायची हायेत?"

"पाळीन. तुले काय खायला मांगतेत का?"

मिस्त्री नमुने ठेवून गेला, उद्या येतो म्हणाला. पोरगा फणफणत बाहेर गेला. सून ओट्याजवळ उभी राहिली. ही पोरगी आवाज चढवत नाही, हेच अवघड. म्हणाली, "बाबा, तुमाले दारच नको आहे ना? काहून, ते सांगा."

मी खिडकीकडं पाहत म्हणालो, "ते तुया सासूची साडी हाय."

ती खाली बसली. पडदा हातात घेतला. मग म्हणाली, "भांडेवालीला मीच दिल्या होत्या बाबा."

"रीत होती. तुयं काई नाई त्यात."

तोड तिनंच काढली. दारं काचेची लावायची, अन् पडदा आत तसाच ठेवायचा. उंदीर बाहेर राहील, पडदा दिसत राहील. मला पटलं. मिस्त्रीला मात्र पटेना. "काका, काच लोकं वर लावतेत, कपबशा दिसायले. खाली काच लावनारे तुमीच पहिले."

"लाव तू. पाहणारा मी हाय."

दारं बसायच्या दिवशी मी अन् पोरगा काचा आणायला मिस्त्रीच्या दुकानात गेलो. परत आलो तर ओट्याखाली पडदा नाही. सुनेला विचारलं.

"धुतला बाबा. काचेतून सगळ्यांना दिसणार, तर स्वच्छ नको का? साबण लावला तर हळदीचे डाग लालभडक झाले. पण उन्हात टाकलाय, संध्याकाळपर्यंत काही राहणार नाही."

तोंडावर घाम, पण खूश होती. कितीतरी दिवसांनी मला तिचं काही पटलं होतं, म्हणून मनापासून घासला होता तिनं.

मी गच्चीवर गेलो. गुडघे दुखतात म्हणून चढत नाही कधी. आपल्याकडचं ऊन ते, पडदा वाळतच आला होता. कडेला हात लावून पाहिला. जिथं गडद पिवळं होतं तिथं आता फिकट, हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं. मी तो ओढून काढला अन् खाली आणून खाटेखाली, सावलीत पसरला.

"ओलाच हाय ना बाबा?"

"वाळते इथं," म्हणालो. तिला दुसरं काय बोलणार?

काचेची दारं बसली. पोरगा-सून गेले. शेजारपाजारचे पाहून गेले, चांगलं दिसते म्हणाले. दिसतही होतं. सकाळी चहा करताना पडदा काचेतून समोर असायचा.

पण माझ्या स्वयंपाकघराची खिडकी उगवतीला आहे. सकाळचं ऊन सरळ ओट्याखाली येतं. आधी पडद्यावर तेच ऊन पडायचं, पण तिचा हात रोज नवी हळद लावत होता, त्याचा तेलकट थर ती गेल्यावरही टिकून होता. तो धुण्यात गेला. नवी आता कोण लावते? महिनाभरात कडेचं पिवळं आणखी उतरलं. पहिले मला वाटलं डोळ्यांचं असेल. चष्मा पुसून पाहिलं. डोळ्यांचं नव्हतं.

खिडकीला पुठ्ठा लावला तर अंधारात भाजी करपली. मग मिस्त्रीला फोन केला. "काच काढ. बंद दारं लाव."

"काका, आता कोनतं डिझाईन?"

"ज्याच्यातून ऊन जात नाई ते."

त्याच्याकडं मापात तेच तयार होतं, दवाखान्यासारखं पांढरं. लावलं. सुनेला फोनवर सांगितलं, काच सांभाळणं होत नाही म्हणून बदललं. ती म्हणाली, "अन् पडदा?"

"आतच हाय."

आतच आहे. मी डाव्या बाजूनं सारतो, उजवी कड धरत नाही. कांदा घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढंच दार उघडं ठेवतो.