माझी फाइल त्यांच्या कपाटात

आता बघा, आम्ही राजोडीकडची माणसं, लहानपणापासून कुमसाराला जाणारी. चर्चमध्ये जाळीपलीकडे फादर बसायचे, आपण गुडघे टेकून पापं सांगायची, आणि ती तिथेच संपायची. तेच फादर संध्याकाळी रस्त्यात भेटले तरी आईची तब्येत तेवढी विचारणार. सांगितलेलं बाहेर जात नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं. नेमकी तिथेच मी फसले.

नवरा गेल्यावर एक मैत्रीण मला जूचंद्रला, नव्या टॉवरमधल्या एका फ्लॅटवर घेऊन गेली. मन साफ करणारी संस्था आहे, म्हणाली. समोर एक मॅडम बसायच्या. त्या विचारायच्या, मी सांगायचे, आणि त्या लिहून घ्यायच्या. लिहिताना मला दिसत होत्या हो. पण मी म्हटलं, शिकलेली बाई आहे, लिहिणारच. नऊ वर्षं सांगत राहिले. संस्थेत वरची पायरी हवी तर आणखी खोलातलं काढा, म्हणायच्या. हलकं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग संस्थेत येणाऱ्या एका पोरीला त्यांनी स्वतःच्या आईशी बोलणं तोडायला लावलं. आई प्रश्न विचारते, एवढाच तिचा गुन्हा. मी म्हटलं, हे काही बरं नाही. दुसऱ्या दिवसापासून संस्थेतल्या सगळ्यांचं माझ्याशीच बोलणं बंद. माझ्या हातचं जेवलेल्या बायका वसईच्या बाजारात मला बघून भाजीच्या ढिगात तोंड घालायच्या. तेव्हापासून मी संस्थेबद्दल बोलायला लागले, भेटेल त्याच्याशी. शेवटी आमच्या गावच्या महिला मंडळानं रविवारी हॉलमध्ये बोलायला बोलावलं.

बुधवारी मॅडमचा फोन आला. आवाज अगदी गोड. "तुमची फाइल समोर घेऊन बसलेय. रविवारी मीही येते. तुमच्या बहिणीलाही ऐकायला आवडेल."

बहीण म्हणजे आमची बाय, माझ्याहून थोरली, कुंपणापलीकडेच राहते, एकटी. तिला मागणी घालणारी एक चिठ्ठी एका मास्तरांनी माझ्या हाती दिली होती. मी तेव्हा एकोणीसची. बाय गेली तर आजारी आई आणि वाडी माझ्या गळ्यात पडेल, म्हणून ती मी चुलीत घातली. मास्तर वाट बघून दुसरीकडे लग्नाला उभे राहिले. बायनं मग लग्नच केलं नाही. हे फादरांनाही नव्हतं सांगितलं मी. मॅडमना सांगितलं.

गप्प बसले तर फाइल कपाटात राहणार, आणि ती पोरगीही तिथेच राहणार. शनिवारी दुपारी कुंपण ओलांडून गेले. बाय ओट्यावर सुपात मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "काय लिहिलं होतं?"

मला शब्दन् शब्द पाठ होता. सांगितला.

"परत सांग."

परत सांगितला. मग ती सूप घेऊन आत गेली आणि दाराला कडी लावली.

रविवारी हॉल भरला. मॅडम दुसऱ्या रांगेत, मांडीवर निळी फाइल. बाय दिसली नाही. मी बोलायला लागले, पण डोळे त्या निळ्या फाइलवर. त्या पोरीच्या आईपर्यंत आले तशा मॅडम उठल्या. म्हणाल्या, दुसऱ्याच्या घराबद्दल बोलणाऱ्या या बाईंनी सख्ख्या बहिणीचं काय केलं, ते मी वाचून दाखवते.

मागून, दाराशी चपला काढतात तिथून, आवाज आला.

"ती बहीण मी. मला सांगून झालंय तिचं. तुम्ही बसा खाली."

मॅडम बसल्या नाहीत, निघून गेल्या. मी राहिलेलं बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही. बायका म्हणतात, नीट बोललीस.

घरी जाताना बाय माझ्या पुढे वीस पावलं होती. मी पाय भरभर उचलले तसे तिनंही उचलले. तिच्या दाराशी पोचले तेव्हा कडी लागलेली होती. मी ओट्यावर बसले. अजून जाते रोज, कळ्या निवडायच्या वेळेला. ती अर्ध्या कळ्या माझ्याकडे सरकवते. बोलत नाही.