न प्यायलेली कॉफी

आग्रह हा माझा स्वभाव आहे आणि तो मला आईकडून मिळाला आहे. पाहुण्याच्या पानात काही उरलं तर चालेल, पण कप भरलेला परत गेला तर आमच्या घरात सुतक पडतं. डिसेंबर २०२० मध्ये डब्लिनच्या बॉल्सब्रिजमध्ये, एका छोट्या अरब देशाच्या राजदूतांच्या घरी, याच आग्रहापायी मी जवळजवळ आंतरराष्ट्रीय घोटाळा करून ठेवला होता.

त्या देशाचं नाव घेत नाही. नकाशात बोट ठेवलं तर झाकला जाईल एवढाच आहे. एका पिढीपूर्वी त्यावर युद्ध कोसळलं, शेजाऱ्याचे रणगाडे रस्त्यावर आले. तेव्हापासून आसपास कोणी भांडलं की हे समेटाला धावतात. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. यांच्या वाट्याला मात्र दोघांचे रुसवे येत. राजदूतसाहेबांचे आजोबा मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत येत, त्यामुळे साहेबांना झकास बाजारू हिंदी यायची. मी डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनच्या घरातून खाण्याच्या ऑर्डरी घेते. माझे समोसे त्यांना इतके आवडत की त्यांचा स्वयंपाकी क्वारंटाइनमध्ये अडकला तेव्हा त्यांनी थेट मलाच बोलावलं. दुपारचं जेवण होतं, पाहुणे फक्त दोन.

हे दोन पाहुणे कोण, हे कळल्यावर माझ्या हातातलं लाटणंच थांबलं. साहेबांचे दोन शेजारी देश काही वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. एक थोरला, एक धाकटा. सीमा बंद, विमानं बंद. त्या दोघांचे राजदूत आज एका टेबलाशी बसणार होते. आणि माझी धाकटी बहीण त्यातल्या धाकट्या देशात नर्स, तिचा नवरा थोरल्या देशात इंजिनीअर! सकाळी निघालं तर जेवायला पोचावं एवढाच रस्ता. करोनाआधी मेहुणा तिसऱ्या देशातून विमान बदलून तरी जायचा; पहिल्या टाळेबंदीत तो तिच्याकडेच अडकला होता, पण उन्हाळ्यात कामावर परतल्यापासून तेही जमेना. बहिणीला बाळंतपणाची जानेवारीअखेरची तारीख दिली होती. तिचं डोहाळजेवण आम्ही व्हिडिओ कॉलवर केलं होतं. फुलांची वाडी भरून बसली होती बिचारी आणि शेजारची खुर्ची रिकामी.

साहेबांचा ड्रायव्हर मला सामानासकट न्यायला आला होता. साठीचा आयरिश माणूस, उत्तर आयर्लंडच्या सीमेजवळच्या गावचा. वाटेत मी त्याला सगळं सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही.

"माझ्या लहानपणी आजीकडे जाताना सैनिक गाडी उघडून बघायचे," तो म्हणाला. "आता पाटीवर किलोमीटरचे मैल झाले की समजायचं, सीमा गेली. शेवटी सगळं ग्रँड, ठीकठाक होतं, बाई. फक्त वेळ लागतो."

वेळच तर नव्हता!

जेवण सुरळीत पार पडलं, म्हणजे तिघांनी एकमेकांकडे न बघता माझी बिर्याणी संपवली. मग साहेबांनी स्वतः वेलचीची कॉफी ओतली. थोरल्या देशाच्या पाहुण्याने दोन कप घेतले आणि रिकामा कप हलवून पुरे म्हणून खुणावलं. धाकट्याने मात्र कप समोर ठेवला आणि हात मांडीवर. मी दारातून बघत होते. पाच मिनिटं झाली तरी कप तसाच! गार झाली असणार. मी आत गेले, कप उचलला, दुसरा भरून ठेवला. त्यालाही हात नाही. मग मला राहवेना.

"आवडली नाही का, सर? एक घोट तरी घ्या. माझ्यासाठी!"

साहेबांनी डोळे मिटले. मी तिसरा कप भरायला हात पुढे केला आणि थोरला पाहुणा खो खो हसत सुटला. अरबीत काहीतरी म्हणाला. धाकट्याने ओठ आवळून धरले, पण शेवटी तोही फुटला. दोघं एकत्र हसले. मी कॉफीदाणी छातीशी धरून स्वयंपाकघरात पळाले.

थोड्या वेळाने साहेब आत आले, तेव्हा मी माफी मागायच्या तयारीतच होते.

"बहेन," ते म्हणाले, "आमच्याकडे पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो कॉफी पीत नाही. यजमानाने शब्द दिला की मगच पितो. धाकट्याला हवं होतं की मी थोरल्याला समोरासमोर बोलायला बसवावं. आणि तुम्ही त्याला कपावर कप!"

"मग? प्यायले का ते?"

"थोरला म्हणाला, 'पी बाबा, नाहीतर ही बाई आपल्याला सोडणार नाही. बोलू या.' बोलताहेत."

त्यांनी हसत माझ्यासाठी एक कप ओतला. आमच्याकडे रणगाडे कमी म्हणून कॉफी जास्त, असं काहीसं पुटपुटले. मी कप घेतला. आणि काय अंगात संचारलं कोण जाणे, तो ओट्यावर ठेवला. हात मागे घेतले.

साहेबांचं हसू मावळलं. कपाकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "बोलो, बहेन."

मी बोलले. बहीण, रस्ता, तारीख, रिकामी खुर्ची. थांबले नाही. साहेबांनी कॉफीदाणी ओट्यावर ठेवली.

"मी छोट्या देशाचा छोटा माणूस आहे. हे तिकडे, मोठ्या दालनांत ठरतंय. हो म्हणालो तर खोटं होईल." मग त्यांनी कपावर बशी झाकली. "पण नाहीसुद्धा म्हणत नाही. हा कप इथेच राहील."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, तू स्वयंपाकाला गेली होतीस की तहाला?" त्याला हसू येत होतं. मला रात्रभर झोप नाही.

आणि जानेवारीच्या सुरुवातीलाच बातमी! सीमा उघडणार. समेट घडवल्याबद्दल सगळे त्या चिमुकल्या देशाचे आभार मानत होते. मी स्वयंपाकघरात अक्षरशः उड्या मारल्या. आमच्या त्या जेवणाचा यात कितपत हात होता? मुळीच नसेल, नवरा म्हणतो. असेना का! मेहुणा टेस्ट, शिक्के, क्वारंटाइन असं सगळं ओलांडून पोचला. प्रसूतीच्या खोलीबाहेर तो होता. मुलगी झाली. फोनवर त्याने ती दाखवली तेव्हा आधी तोच रडला, मग मी, आणि बहीण आम्हा दोघांना रागावली.

मी साहेबांना फोन लावला. "मुलगी" एवढंच म्हटलं. पलीकडून ते मोठ्याने हसले आणि कोणाला तरी हाक मारली.

लॉकडाउन होता, म्हणून ड्रायव्हरने दाराशी पिशवी ठेवली आणि लांबून हात हलवला. आत गरम कॉफीचा थर्मास होता, आणि कागदात गुंडाळलेला एक छोटा कप.

"युअर मॅनने हा प्रेसमध्ये ठेवला होता," तो ओरडून म्हणाला. इकडे 'तो गृहस्थ' म्हणायला युअर मॅन म्हणतात आणि कपाटाला प्रेस. "कोणाला धुवूच देईना!"

कपाच्या तळाशी डिसेंबरच्या कॉफीचा डाग वाळून बसला होता. मी तो नळाखाली धरला, बोटाने चोळून धुतला, कॉफी ओतली आणि परत दारात येऊन उभ्यानेच प्यायले.