चुलीची देवी आणि दुखानचं घर

कतारच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दुखानला निघालो ते सहलीसाठी नव्हे, घर बघायला. माझ्या नवऱ्याची, मंदारची, बदली तिथल्या तेलक्षेत्रावर झाली आणि कंपनीनं टाउनशिपमधलं घर देऊ केलं. त्याच आठवड्यात, दोह्यात बिन महमूदमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका छोट्या आर्किटेक्ट ऑफिसनं मला ड्राफ्टिंगची नोकरी देऊ केली. तेरा वर्षांनी! दोन्हीकडे उत्तर रविवारी द्यायचं होतं. मंदार म्हणाला, "आधी घर तर बघून घे." म्हटलं, बघू. बघायला काय जातं?

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी यातला शुक्रवार निवडा आणि सकाळी लवकर निघा. दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकानं, टपऱ्या सगळं बंद असतं. दोह्याहून तास-सव्वा तासाचा रस्ता, सरळसोट आणि गुळगुळीत. आम्ही निघालो तेव्हा धुकं होतं. विजेचे मनोरे कमरेपर्यंत बुडालेले, वरचा भाग नुसता तरंगत होता. मला अशी धूसर सकाळ फार आवडते, कारण त्या वेळी कुणी काही ठरवायला सांगत नाही.

मागच्या सीटवर आमची इरा, वय तेरा. शाळेत ग्रीक देवतांचा प्रोजेक्ट होता आणि तिच्या वाट्याला आली होती हेस्टिया, चुलीची देवी. बाईसाहेब त्यावर रुसलेल्या.

"मम्मा, शी इज सो बोरिंग! रियाला अथीना मिळाली. वॉर अँड विझडम. मला किचन!"

"वाच तरी मोठ्यानं," मी म्हटलं.

वाटेत शहानियाला थांबलो. गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न दिला की कडक चहा काचेशी येतो. वेलची सढळ हातानं घातलेली, दोन-तीन रियालला कप. पलीकडे उंटांची रांग धुक्यातून पाय न वाजवता चालली होती. इरा वाचत होती. क्रोनस नावाच्या बापानं आपली पोरं गिळली, त्यात सगळ्यात आधी हेस्टियाला. पुढे त्याला ती ओकावी लागली तेव्हा हेस्टिया सगळ्यात शेवटी बाहेर आली. म्हणजे थोरलीही तीच आणि धाकटीही तीच. पोसायडन आणि अपोलो, दोन देवांनी तिला मागणी घातली. तिनं देवराज झ्यूसच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, लग्न करणार नाही. मग झ्यूसनं तिला प्रत्येक घराचा मध्य दिला. नैवेद्याचा पहिला घास तिचा, शेवटचाही तिचाच. माणसं नवं गाव वसवायला निघाली की जुन्या गावातल्या तिच्या अग्नीतला विस्तव सोबत न्यायची.

"आणि ऑलिंपसवर गॉड्सच्या बारा सीट्स होत्या. डायोनिसस हा नवा गॉड आला तर जागा नव्हती. सो हेस्टियानं आपली सीट देऊन टाकली. हॅपिली."

"किती समजूतदार!" मंदार म्हणाला. मी चहा पीत राहिले. तेरा वर्षांपूर्वी नाशिकची नोकरी मी अशीच 'आनंदानं' सोडली असं आमच्या घरी सांगितलं जातं. भांडले नव्हते हे खरं आहे. आनंदाचं मला आठवत नाही.

दुखान जवळ आलं की आधी दिसते ती ज्योत. क्षितिजावर तेलाच्या विहिरींपाशी गॅस जळत असतो, दिवसाउजेडी फिकट नारिंगी. टाउनशिपच्या फाटकावर पाहुण्यांची चौकशी होते, तेव्हा ज्यांच्याकडे जाणार त्यांना आधी कळवून ठेवा. ज्यांचं घर आम्हाला मिळणार होतं त्या रुख्सानाभाभी मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांचे मियाँ निवृत्त होणार होते आणि बावीस वर्षांचा संसार आवरून दोघं गावी परतणार होती.

"कवा निघालाव? बसा, आधी जेवून घ्या. घर कुठं पळून जात नाय," भाभी म्हणाल्या. नारळाच्या रसातलं सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. या जेवणाचं वर्णन करत नाही, तुम्हाला उगाच भूक लागेल.

मग घर दाखवलं. दोन खोल्या, मागे अंगण, कुंपणापलीकडे समुद्राची निळी रेघ. चांगलं घर होतं, आणि नेमकं तेच मला टोचत होतं. वाईट असतं तर सोपं गेलं असतं. इथल्या बायकांची एक रीत आहे: जाणारी येणारीसाठी चालतं घर ठेवून जाते. भाभींनी कढीपत्त्याची कुंडी दाखवली, गॅसची शेगडी दाखवली आणि शेवटी स्टीलचा एक डबा माझ्या हातात दिला. विरजण.

"माझ्या सासूनं बांधून दिलेलान. बावीस वर्सं मोडू दिलं नाय. दर खेपेला गावी जाताना शेजारणीकडं ठेवून जायचं, आल्यावर परत आणायचं. आता तुमी लावा."

इरा डोळे विस्फारून म्हणाली, "मम्मा, दॅट्स द फायर!"

"भाईनं फोनवर सांगितलान," भाभी पुढे म्हणाल्या, "तुमी खुशीत येताव. बरं वाटलं."

मी मंदारकडे पाहिलं. तो कढीपत्त्याचं एक पान चुरगाळत होता. मी डबा घेतला, शुक्रान म्हटलं आणि हसले. असं हसायला मला चांगलं जमतं, तेरा वर्षांची सवय आहे.

परतताना झिक्रीत नावाच्या निर्जन किनाऱ्याकडे वळलो. साधी गाडी नेऊ नका, रेतीत रुतेल. उंच चाकांचीच हवी. पाणी जास्त घ्या, फोनची रेंज येते-जाते. वाऱ्यानं कोरलेले पांढरे खडक छत्र्यांसारखे उभे आहेत. उथळ समुद्र इतका स्तब्ध होता, की पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळेना. आम्ही एका खडकावर टेकलो, विरजणाचा डबा माझ्या मांडीवर.

"मम्मा," इरानं टॅबवरून मान वर केली, "ते सीटचं आहे ना, ते जुन्या सोर्सेसमध्ये नाहीच. कुणीतरी नंतर घातलंय. रिअली ओल्ड स्टोरीजमध्ये शी नेव्हर गिव्ह्ज इट अप."

मी खडकावरून उठले. "मंदार, भाभींना काय सांगितलंस तू?"

"तसं... तू नाही म्हणाली नव्हतीस."

"विचारलं होतंस?"

तो म्हणाला, "मला वाटलं, दर वेळेसारखं होईल."

मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. डबा त्याच्या हातात दिला. "घर तुझं, विरजण तू लाव. मी बिन महमूदला राहते, इराही. शुक्रवारी आम्ही येऊ, नाहीतर तू ये."

"मला दही लावता येत नाही," तो म्हणाला.

"मला तरी तेरा वर्षांनी ड्राफ्टिंग कुठं येतंय?" मी म्हटलं. त्यावर तो हसला नाही. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाला, "भाभींना मीच सांगतो."

आता घरी बसून हे लिहितेय. रविवारी मी हो कळवलं. या सहलीतून काय उरलं म्हणाल, तर ती दिवसाची फिकट ज्योत आणि झिक्रीतची शांतता. बाकी भीती आहे, भरपूर. आठवडाभर एकटीनं घर आणि नोकरी कशी निभावणार, मंदार जेवेल का, माझा हात पुन्हा चालेल का. तरी पश्चात्ताप नाही.

मंदारनं त्याच रविवारी माझ्यासमोर, स्पीकरवर फोन लावला. "भाभी, मी चुकीचं सांगितलं. मी तिला विचारलंच नव्हतं."

"ते मला तवाच समजलेलं, भाई," भाभी म्हणाल्या. "नव्या घरात यायची बाई सगळ्यात आधी कपाटं उघडून बघते. तुमच्या बायकोनं एक पन उघडलान नाय."